बदल आला की काही कंपन्या तरतात, काही आडव्या होतात, नक्की फरक कशाने पडतो?

शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका मध्यम साइझच्या ऑटो पार्ट कंपनीत प्रॉडक्शन बघतो, कंपनीचं नाव विचारू नका. आमचा बहुतेक माल डिझेल इंजिनाच्या फ्युएल सिस्टिमला जातो, म्हणजे बारीक लांब भोकं, होनिंग (भोक आतून दगडाने, म्हणजे स्टोनने, घासून साइझला आणायचं), मायक्रॉनमधली कामं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम, लागू झालं (बीएस-५ गाळून डायरेक्ट ६, हे २०१६ लाच जाहीर झालेलं, त्यामुळे अचानक आलं असं कुणी म्हणू नये), मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं, आणि नेमकं त्याच सुमाराला लॉकडाऊन. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी युनिटांची वाट लागली तेव्हा. पण गंमत बघा, शेजारी शेजारी दोन कंपन्या, मशीन सेम, कस्टमर जवळपास सेम, त्यातली एक हळूहळू सावरली आणि दुसरीच्या गेटवर आज गोडाऊन भाड्याने देणे आहेचा बोर्ड आहे.

आता ईव्हीचं चालू झालंय म्हणून आमच्या मॅनेजमेंटने कन्सल्टंट आणला. लोणावळ्याच्या हॉटेलात 'रेझिलियन्स' (धक्का सोसून टिकणं) वर वर्कशॉप झालं, डोळ्यांना पट्टी बांधून दोरीचा चौकोन करायला लावला, जेवण चांगलं होतं. परत आलो तर होनिंगचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, बहिणीच्या लग्नाला गेलेला, मशीनी बंद, आणि डिस्पॅचवाला माझ्या नावाने शंख करतोय.

तर ज्यांनी खरंच असे मोठे बदल आतून बघितलेत त्यांना विचारायचंय, कुठल्याही फील्डमधले असा, कामाची जागा टिकते ती कशामुळे? पीपीटीतलं नको, ते माझ्याकडे आहे.

टूलरूमवाला_भोसरी

दादा सेटरच्या बहिणीच्या लग्नातच तुमचं उत्तर आहे की.

मला विचाराल तर आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ऐसिनची आग माहीत पाहिजे. १ फेब्रुवारी १९९७, शनिवार पहाटे, जपानमध्ये करिया गावातला ऐसिन कंपनीचा प्लांट जळाला. तिथे टोयोटाचा पी-व्हॉल्व्ह बनायचा, मागच्या ब्रेकला किती प्रेशर जायचं ते ठरवणारा, हातात मावेल एवढा पार्ट, किंमतही फार नाही. पण टोयोटाचे जवळपास सगळे, ९९ टक्के, याच एका ठिकाणाहून यायचे, आणि स्टॉक म्हणाल तर जस्ट इन टाइमवाले लोक (लागेल तेव्हाच माल मागवायचा, साठवायचा नाही), अगदीच थोडा. दोनतीन दिवसांत टोयोटाच्या बहुतेक लाइनी थांबल्या. जगातल्या सगळ्या मॅनेजमेंटवाल्यांनी तोंडात बोट घातलं असणार की बघा, सांगत होतो, स्टॉक ठेवा.

पुढचं खरं बघण्यासारखं आहे. ऐसिनने ड्रॉइंग सरळ वाटून टाकली, ज्याला जमेल त्याने बनवा. ऐसिनकडे या पार्टसाठी स्पेशल मशीनी होत्या त्या जळाल्या, बाकी कुणाकडे त्या नव्हत्याच, मग प्रत्येकाने आपापल्या साध्या मशीनिंग सेंटरवर आपापली पद्धत काढली, रात्रीत फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडायचे साचे) बनवले. साठच्या वर कंपन्या उतरल्या त्यात, शिलाई मशीन बनवणारी ब्रदर सुद्धा, जिने आयुष्यात ब्रेकचा पार्ट केला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिले पार्ट आले आणि आगीनंतर साधारण आठवड्याभरात लाइनी फिरायला लागल्या. रेटची बोलणी आधी झाली नाहीत, पीओ (परचेस ऑर्डर) नाही काही नाही, नंतर बघू म्हणाले आणि कामाला लागले.

आता हे आपल्याकडे का होणार नाही ते सांगतो. त्या छोट्या वेंडरांकडे पण ड्रॉइंग वाचून फिक्स्चर डिझाइन करणारी माणसं होती. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पहिली कुऱ्हाड कुणावर पडली? टूलरूमवर, म्हणजे जिथे हत्यारं आणि फिक्स्चर बनतात त्या खात्यावर. बाहेरून करून घेऊ म्हणाले, स्वस्त पडतं. पडतं ना, रोज स्वस्तच पडतं, ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी कळतं की स्वतःचं असं काही बनवता येणारा माणूसच गेटच्या आत नाही. आणि दुसरं म्हणजे परवानगी. आमच्याकडे एक स्पेशल ड्रिल मागवायचं तर तीन सह्या, त्यातला एक साहेब मीटिंगला पुण्याला, म्हणजे बसा.

लेजरताई

मी बँकेतून रिटायर झालेय, सरकारी बँक, त्यामुळे मशीनींमधलं मला कळत नाही, पण बदल मात्र भरपूर पाहिले. लेजर हाताने लिहिण्यापासून ते मोबाइलपर्यंत सगळं एकाच नोकरीत.

८० च्या दशकात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर युनियनने रान उठवलं होतं, नोकऱ्या जाणार म्हणून. मग १९८३ चा करार झाला, बँकांत कॉम्प्युटर आणण्यावरचा रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, आणि आधी आली ती लेजर पोस्टिंगची, म्हणजे खात्यांच्या नोंदी करणारी मशीन. आज लोक हसतात त्या विरोधावर, पण मला वाटतं त्या भांडणातून एक गोष्ट चांगली झाली, कुठे किती मशीन बसणार आणि लोकांचं काय होणार हे टेबलावर बसून बोलावं लागलं. लोक घाबरले होते पण अंधारात नव्हते. मशीन शाखेत आली तेव्हा जो क्लार्क सगळ्यात जोरात घोषणा देत होता तोच आमच्याकडे पहिला ऑपरेटर झाला, स्पेशल अलाउन्स होता ना!

याउलट २००० ची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. देशभरातल्या सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं गेली. कागदावर छान, पगाराचा खर्च कमी. पण गेलं कोण? ज्यांना बाहेर काही करता येण्याची खात्री होती ते, म्हणजे चांगले. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टिमवर, सगळी जुनी खाती नव्या सिस्टिममध्ये न्यायची. आता सस्पेन्स खात्यात (न जुळलेल्या रकमा जिथे ठेवतात ते) एक एंट्री वर्षानुवर्षं पडून आहे, ती कशाची, कुणी केली, व्हाउचर कुठल्या कपाटात, हे ज्याला माहीत तो घरी. आमच्या शाखेत शेवटी जुने कागद सांभाळणाऱ्या दफ्तरी मामांनी वाचवलं, त्यांना कुठल्या वर्षाचं डे बुक कुठल्या गठ्ठ्यात बांधलंय ते पाठ होतं. त्यांचं नाव कुठल्याच प्रोजेक्ट टीमच्या यादीत नव्हतं.

तुमच्या सेटरसाठी एक बँकेतली युक्ती सांगते. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सलग किमान दहा कामाचे दिवस सुट्टीवर पाठवायचं. हेतू फ्रॉड पकडण्याचा, कारण माणूस टेबलावर नसला की लपवलेलं वर येतं. पण माझ्या अनुभवात त्याचा दुसराच फायदा मोठा होता, ते काम दुसऱ्या कुणाला तरी करावंच लागायचं. साहेबांना फोन करायचा नाही, त्यांना सिस्टिममध्ये लॉगिन नाही. पहिल्यांदा शाखेत बोंबाबोंब व्हायची. पुढच्या वर्षी कमी.

शिफ्टवाला

ताई हे भारी आहे, डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे स्किल मॅट्रिक्स लावलेलं आहे बोर्डावर, कुठल्या ऑपरेटरला कुठली मशीन किती येते ते गोलाचे चार भाग करून काळे करायचे. कस्टमर ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी आमचा एचआरवाला मार्कर घेऊन गोल भरतो. बोर्डाप्रमाणे होनिंग पाच जणांना येतं.

कंत्राटी

सगळे छान छान बोलताय म्हणून थोडं कडू बोलतो.

रेझिलियन्स रेझिलियन्स करता, त्याचा शॉपवर अर्थ काय होतो माहितीये का? बदलाचा धक्का कुणी खायचा याची वाटणी. २०२० ला कंपन्या टिकल्या म्हणता, कशा टिकल्या? ठेकेदाराची माणसं एका फोनवर कमी केली. पर्मनंटचं पगार अर्धं केलं ते वेगळं. टिकली ती बॅलन्सशीट, माणसं चालत गावाला गेली. मग सहा महिन्यांनी ऑर्डर आल्या तेव्हा हेच लोक बोंबलत होते की स्किल्ड लेबर मिळत नाही, यूपी-बिहारला गाड्या पाठवून बोलावत होते.

दादा तुमच्या लाइनीवर किती ट्रेनी आहेत, किती ठेक्यावर आहेत ते मोजा आधी. त्यातल्या एकाला पण त्या काळ्या गोलांच्या बोर्डावर जागा आहे का? ज्याला अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन घरी पाठवायचंय त्याला कोण होनिंग शिकवणार आणि तो तरी कशाला जीव लावून शिकेल? आणि समजा त्याला दिसलं की स्टोन झिजलाय, साइझ पळतेय, तर तो बोलेल का? बोलला तर मशीन थांबणार, टार्गेट चुकणार, सुपरवायझर खेकसणार. त्यापेक्षा गप्प राहून पार्ट पुढे ढकललेला बरा. ऐसिनची गोष्ट मस्त आहे पण तिथे आदल्या दिवसापर्यंत त्या वेंडरांना लाथा घातल्या असत्या तर शनिवारी रात्री कोण उठून आलं असतं फिक्स्चर बनवायला?

नागोयाहून

कंत्राटी यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे. मी इथे करियाच्या बाजूलाच राहतो, ऑटो सॉफ्टवेअरमध्ये आहे, जुने लोक ती आग अजून सांगतात.

टूलरूमवाल्यांनी रेट नंतर बघू म्हटलं ना, तर नंतर खरंच बघितलं गेलं. ऐसिनने त्या कंपन्यांचा खर्च भरून दिला आणि टोयोटाने वर आपल्या पहिल्या फळीच्या सगळ्या सप्लायरना खरेदीच्या प्रमाणात पैसे दिले, त्यांनी ते पुढे खालच्यांना दिले. म्हणजे भरवसा होता तो हवेत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कस्टमरबरोबर धंदा, बुडवणार नाहीत हे माहीत. दर तीन महिन्यांनी दोन टक्के प्राइस डाउन मागणाऱ्याच्या प्लांटला आग लागली तर लोक आधी फोटो काढतील.

आणखी एक. जस्ट इन टाइमला पकडून बसले नाहीत हे लोक, हे भारतात फार कमी सांगितलं जातं. २०११ च्या भूकंपात चिपची फॅक्टरी बंद पडली तेव्हा टोयोटाला मोठा फटका बसला. त्यानंतर त्यांनी बसून काढलं की कुठले पार्ट असे आहेत जे बंद पडले तर लवकर दुसरीकडून मिळणारच नाहीत, आणि चिपसारख्या वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरना ठेवायला लावला. जस्ट इन टाइमचा बाप म्हणवणारी कंपनी! मग २०२१ ला जगभर चिपची टंचाई झाली तेव्हा बाकीच्यांच्या लाइनी आधी थांबल्या, यांच्या बऱ्याच उशिरा. सगळीकडे स्टॉक नाही ठेवला, जिथे दुसरा रस्ता नाही तिथेच ठेवला. तुमचा तो एकटा सेटर म्हणजे तुमची चिप आहे.

खेडचा_पाहुणा

सगळ्यांचं वाचलं, पण मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ होतेय. माझे काका मुंबईत डबेवाले होते, आमच्या खेड, मावळ, आंबेगावच्या घराघरात कोणी ना कोणी असायचंच, म्हणून त्यावरनं बोलतो.

१८९० पासून चालू आहे ते काम. कोविडच्या आधी पाचेक हजार माणसं, दोन लाखांच्या आसपास डबे, रोज. मुंबईत लोकल बंद पडली, पाऊस झाला, मोर्चा निघाला, तरी डबा पोचायचा, आणि त्यावर परदेशातल्या कॉलेजांनी केस स्टडी केल्या. त्यात आतली गोष्ट काय होती तर तुम्ही सगळे जे म्हणताय तेच. प्रत्येक टोळीत गरजेपेक्षा थोडी जास्त माणसं, एखादा आजारी पडला, सायकल पंक्चर झाली की दुसरा उचलतो. प्रत्येकाला टोळीतल्या सगळ्या लाइनी माहीत. मुकादम त्यांच्यातलाच, तो पण डबे उचलतो. नोकर कोणी नाही, सगळे भागीदार, त्यामुळे हे माझं काम नाही असं कोण कुणाला म्हणणार? वरून हुकूम यायची वाट बघायची भानगडच नाही, दादरला गाडी अडकली तर दादरलाच ठरणार काय करायचं ते. आणि चैत्रात गावच्या जत्रांना सगळे एकदम सुट्टीवर, तेव्हा मुंबईने घरून पोळीभाजी न्यावी!

म्हणजे तुमच्या सगळ्या कसोट्यांना पुरेपूर उतरलेली कामाची जागा. आणि मार्च २०२० ला लोकल बंद, ऑफिसं बंद, लोक घरूनच काम करायला लागले, आणि हे सगळं एका झटक्यात जमिनीवर आलं. काका गावाला आले ते परत गेले नाहीत, बटाटा लावतात आता. आजही धंदा आहे पण पहिल्यासारखा नाही, माणसं फार कमी झालीत.

मला सांगायचंय ते हे की रोजचा धक्का सोसणं वेगळं आणि मुळात गिऱ्हाईकच बदललं तर आपण बदलणं वेगळं. डबेवाल्यांना पहिलं इतकं झकास जमत होतं की दुसऱ्याची कधी गरजच पडली नाही. शिफ्टवाले दादा, तुमचा सेटरचा प्रश्न पहिला आहे. ईव्हीचा प्रश्न दुसरा आहे. होनिंग पन्नास जणांना शिकवलंत तरी डिझेलचा पार्टच कुणी घेणार नसेल तर काय करणार?

टूलरूमवाला_भोसरी

खेडकर, एक नंबर बोललात. पण दोन्हीत संबंध नाही असं नाही हां.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण शॉपवरच्या माणसाकडे असतं बहुतेक वेळा. मॅनेजमेंट पार्टच्या नावाने विचार करतं, आम्ही डिझेलचा अमुक पार्ट बनवतो, डिझेल गेलं आम्ही गेलो. टूलरूमचा माणूस असा विचार करतच नाही. तो म्हणेल आम्हाला लांब बारीक भोक सरळ पाडता येतं, हार्ड मटेरियलला होनिंग करून दोनतीन मायक्रॉनमध्ये साइझ धरता येते, कडेला राहिलेला बर (धातूचा कचरा) काढता येतो, आतून तपासता येतं. आता हे अजून कुणाला लागतं? हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये स्पूल (आत सरकणारा दांडा) ज्या भोकात बसतो त्याला लागतं, जेसीबीपासून प्रेसपर्यंत सगळीकडे, त्याला बॅटरी येवो नाहीतर काही येवो. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना लागतं.

आमच्या शेजारच्या एका युनिटने लॉकडाऊननंतर हेच केलं. आयडिया कुणाची होती? होनिंगच्याच एका म्हाताऱ्या ऑपरेटरची, त्याने तरुणपणी हायड्रॉलिकच्या कारखान्यात काम केलेलं. मालक रोज शॉपवर एक चक्कर मारायचा आणि चहा तिथेच प्यायचा म्हणून ते त्याच्या कानावर गेलं. केबिनमध्ये बसणारा असता तर ती आयडिया सजेशन बॉक्समध्ये पडून राहिली असती, त्या बॉक्सची चावी कुणाकडे आहे हे पण कुणाला माहीत नसतं.

नागोयाहून

+१. इथलं फुजीफिल्मचं उदाहरण हेच आहे. कॅमेऱ्याच्या रोलची मागणी २००० नंतर कोसळली, पण रोल बनवताना जी पातळ फिल्म करायला शिकले होते तीच फिल्म एलसीडी स्क्रीनला लागते, तिथे पैसे ओतले. कोलॅजनचं ज्ञान होतं त्यावर २००६-०७ च्या सुमाराला चेहऱ्याच्या क्रीम काढल्या. अर्थात हजारो लोकांना कमी पण केलं त्यात, कंत्राटी म्हणतात ती वाटणी तिथेही झालीच.

लेजरताई

मला एक विचारायचं होतं, ईव्हीमुळे तुमचं काम जाणार हे ऑपरेटर लोकांना कंपनीने सांगितलंय का? की लोणावळ्याला फक्त साहेब लोकच होते?

शिफ्टवाला

फक्त स्टाफ ग्रेड होती ताई. खाली कुणालाच ऑफिशियली सांगितलेलं नाही. पण माहीत सगळ्यांना आहे, कँटीनमध्ये तोच विषय असतो, दोन चांगली पोरं मागच्या महिन्यात सोडून पण गेली, एक तळेगावला गेला एक सुप्याला. तुमची व्हीआरएसची गोष्ट वाचून पोटात गोळा आला खरं सांगतो.

दोन गोष्टी माझ्या हातात आहेत त्या करतो. सेटर परत आला की त्याच्याबरोबर प्रत्येक शिफ्टला एक माणूस लावतो, आणि दिवाळीनंतर त्याला मुद्दाम रजेवर पाठवतो, फोन बंद. प्रॉडक्शन थोडं पडेल तेव्हा, ते मी प्लॅनमध्ये आधीच कमी धरणार, नाहीतर पीपीसीवाले (प्रॉडक्शन प्लॅनिंग) जगू देणार नाहीत. बोर्डावरचे खोटे गोल पुसतो. एचआर चिडेल.

टूलरूमवाले म्हणतात तसं, पार्टऐवजी आपल्याला काय काय करता येतं त्या प्रोसेसची यादी करायची आयडिया प्लांट हेडला सांगतो. पण ती ऑपरेटर लोकांना घेऊन करायची असेल तर आधी त्यांना खरं सांगावं लागेल, आणि ते मी माझ्या लेव्हलला नाही करू शकत.

कंत्राटी

शिकाऊ पोरं पण घेणार का सेटरबरोबर, की फक्त पर्मनंट?

शिफ्टवाला

सेकंड शिफ्टला पर्मनंट माणूसच नाही होनिंगवर, त्यामुळे घ्यावाच लागेल. एक पोरगा चांगला आहे, पण त्याची टर्म मार्चला संपतेय. ती वाढवून द्या म्हणून लेखी मागतो, मिळेल की नाही माहीत नाही.

टूलरूमवाला_भोसरी

मागा लेखी, आणि सेटर रजेवर असतानाच्या आठवड्यातलं त्या पोराचं रिजेक्शन किती होतं तो आकडा जोडा सोबत. साहेब लोकांना आकड्याशिवाय दिसत नाही. आणि स्पूलच्या कामाचं सिरियस असेल तर पर्सनल मेसेज करा, आमच्याकडे येणाऱ्या एका हायड्रॉलिकवाल्याला होनिंगचा दुसरा वेंडर हवाच आहे, पहिला त्याला तारखा देतोय.